काही नाही

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, मुलांच्या पुस्तकांमागच्या
चिंचोळ्या खोलीत आम्ही तिघी.
तक्रार इथेही देता येते, चौकीची पायरी चढावी लागत नाही,
असं दारावरच्या कागदावर पाच भाषांत लिहिलंय.
आपली त्यात नाही. म्हणून मी.

कुंदा खंदारे, बार्शीची. वृद्धाश्रमात रात्रपाळी.
हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले, एकावर एक,
जणू दुसऱ्याच कुणाचे हात.

दुभाषाचा नियम : भर घालायची नाही, गाळायचं नाही.
हवालदार ब्रॉक्लेस्बीबाईंनी विचारलं, काय म्हणाले ते?
कुंदा म्हणाली, "काही नाही हो. पोरं आहेत."
मी इंग्रजीत म्हणाले, काही नाही, पोरं आहेत.
दाताखाली खडा आला,
पण नियम म्हणजे नियम.

मग फॉर्मवरचा प्रश्न :
यामागे द्वेष होता असं तुम्हाला वाटतं का?
द्वेष. मी तो मराठीत तिच्यापुढे ठेवला.
तिने सुपातल्या तांदळासारखा हलवून पाहिला.
"द्वेष कसा असेल, ताई? द्वेषाला ओळख लागते.
माझी जाऊ करायची द्वेष, तिला माझं सगळं ठाऊक होतं.
यांना तर माझं नावसुद्धा माहीत नाही."

जसंच्या तसं सांगितलं.
पेन थांबलं. बाहेर गाड्यांच्या टपांवर समुद्रपक्षी भांडत होते.
"हे असंच लिहिते," ब्रॉक्लेस्बीबाई म्हणाल्या, "तिच्याच शब्दांत."

किती वेळा झालं?
कुंदाने पिशवीतून कॅलेंडर काढलं,
भावाने पोस्टाने पाठवलेलं, अजून गुंडाळीचा पीळ न गेलेलं.
दुधाचा हिशोब मांडतात ना चौकोनांत,
तसं, पेन्सिलीने :
संकष्टी – अंडी, दारावर, दोन.
अष्टमी – बसस्टॉपवर थुंकला. उंच मुलगा.
अमावस्या – पत्रांच्या फटीतून पेटती काडी. पायपुसणं गेलं.
एकादशी – काही नाही.

एकोणतीस नोंदी. मी तिथी गाळून तारखा सांगत होते,
तर त्या म्हणाल्या, ते बारीक अक्षरातलंही सांगा.
मग हंबरकाठच्या एका पोलिसाला
मी चंद्राचं वाढणं-घटणं समजावलं.
त्यांनी लिहून घेतलं.

पुढचं सगळं संथ, कंटाळवाणं, आणि म्हणूनच बरं.
अग्निशमन दलाचा टेरी येऊन
दाराच्या फटीमागे लोखंडी पेटी बसवून गेला.
घरवाल्या संस्थेने कुलूप बदललं, दोन फोननंतर. खरं तर पाच.
नऊ नंबरच्या ड्रायव्हरने बसमधलं चित्रण
पुसलं जायच्या आदल्या दिवशी आणून दिलं.
दर मंगळवारी एका बाईंचा फोन, झोप लागते का विचारायला;
मी मध्ये, त्यामुळे तिची झोप मलाही पाठ.
महिन्याच्या बैठकीत शाळा, नगरपालिका, मशिदीचे खजिनदार
आणि फिलिपिनो चर्चच्या लिगायाबाई
एकाच ताटलीतली बिस्किटं खात
त्या उंच मुलाबद्दल बोलले.
वय चौदा.
कुंदाला सांगितलं तर म्हणाली, "माझा धाकटा पंधराचा."
आणि मग बराच वेळ गप्प.
त्याचं भाषांतर मी केलं नाही.

अंडी टाकणारे सापडले नाहीत.
तेही सांगायला ब्रॉक्लेस्बीबाई स्वतः आल्या,
बूट दाराबाहेर काढून. एका मोज्याला भोक होतं.

परवा गेले तेव्हा कॅलेंडर भिंतीवर परतलं होतं.
चौकोनात : दूध, एक लिटर. पायपुसणं, नवं.

मी इथे सत्तावीस वर्षं आहे.
एकदा शाळेसमोर, लेक कडेवर असताना, एकाने...
नवऱ्यालाही सांगितलं नाही.
तारीख आठवत नाही, तिथी तर नाहीच.

वाचनालयाच्या दारावर आता सहावी ओळ आहे, माझ्या अक्षरात.
द्वेष हा शब्द मी त्यात घातला नाही.
लिहिलंय : काही झालं असेल तर आत या.
काही नाही, असं वाटत असलं
तरीही या.